आडवा आठ

कॅमेरा पासष्ट सालचा,
माझ्याहून बारा वर्षांनी थोरला.
भिंग एक पॉइंट दोनचं, वाटीएवढं तोंड,
पण हाती आलं तेव्हा कोऱ्या चहासारखं पिवळं.
बाजारातली बाई म्हणाली, जुनं झालं की पिवळतंच सगळं,
पाच पौंड कमी दे.

आउटवेट म्हणाले, तसं नाही.
काचेत थोरियम आहे. किरणं सोडते ती
आणि आपल्याच किरणांनी आपण मळते.
मला हसू आलं. छातीवर डोस मोजणारा बिल्ला लावून
दिवसभर एक्स-रे काढणारी मी.
औषध काय यावर?
ऊन.
हॅलिफॅक्समध्ये. फेब्रुवारीत.

तर खिडकीत, चांदीच्या कागदावर,
वाळवण घातल्यासारखं ठेवलं भिंग,
आणि राखण करत बसले, ढगांची.
दहा मिनिटं ऊन पडलं की रात्रपाळीची झोप मोडून
त्याचं तोंड फिरवायचं.
एप्रिल संपता संपता चहाचं पाणी झालं.

मग आउटवेटांचं टेबल, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर.
त्यांचा हात आता थरथरतो.
ते सांगायचे, मी करायची.
स्क्रू काढशील तसे अंड्यांच्या खोक्यात, क्रमाने.
मागच्या दाराचा फोम वितळून डांबर झालेला,
तो खरवडला टूथपिकने
आणि खाचेत बसवली काळी लोकर,
त्यांची आई ज्या गिरणीत होती तिथली शेवटची लडी.
उजेड आत येत नाही तिच्यातून, म्हणाले,
आईचाही तसाच स्वभाव.

शेवटचं काम अंतराचं.
भिंग फिरवून आडव्या आठावर न्यायचं
(आपला नव्हे, त्यांचा आठ, झोपलेला)
आणि पार समोर पाहायचं, वेनहाउसच्या मनोऱ्याकडे.
चिमणी म्हणून बांधला होता तो,
धूर काही नशिबी आला नाही.
मधल्या पिवळ्या चौकोनात मला दोन मनोरे दिसले.
खरा कुठला?
ते विचारू नकोस. एकावर एक बसव.
पाव फेरा. अजून जरासा.
अरे, परत मागे.
आणि बसला.

पहिला रोल त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा.
बहीण ईनिड व्हिटबीहून केक घेऊन आलेली,
मेणबत्त्यांच्या उजेडात मी छत्तीस वेळा
कोपर पोटाशी घट्ट धरून, श्वास रोखून,
बटण दाबलं.
भिंगाची टोपी काढली नव्हती.
या कॅमेऱ्यात बघणारी खिडकी वेगळी, भिंग वेगळं.
तुम्हाला सगळं दिसत असतं,
त्याला काही नाही.
आउटवेट खोकला येईपर्यंत हसले.

तो खोकला राहिलाच.
जूनमध्ये माझ्या यादीत नाव आलं, आउटवेट, विल्फ्रेड.
हनुवटी वर. खांदे पुढे. दीर्घ श्वास. रोखा.
काचेपलीकडून मी रोजचंच म्हटलं,
रोजच्यासारखं निघालं नाही तोंडातून.
शर्ट घालता घालता त्यांनी विचारलं, शटर किती?
सेकंदाचा शंभरावा भाग.
हं. या खोलीत उजेड बरा दिसतो.

परवा त्यांच्या स्वयंपाकघरात काढला फोटो.
दिवा एकच. भिंग पूर्ण उघडं. सेकंदाचा पंधरावा भाग.
एवढं उघडलं की एका पापणीपुरतंच जग उरतं,
कानापाशी धुकं सुरू.
प्रिंट दूर धरून ते म्हणाले,
किटली हलली आहे.
किटली कुठे हलते, म्हटलं, हललात तुम्ही.
मी? मी तर श्वास रोखला होता.

वाढदिवसाचा रोल फेकला नाही.
काळा असेल असं वाटतं लोकांना.
उजेड न पाहिलेली निगेटिव्ह पारदर्शक निघते.
भिंग ठेवलं होतं त्याच खिडकीत टांगली आहे,
खाली कपड्यांचा चिमटा लावून, नाहीतर गुंडाळते.
तिच्यातून मनोरा दिसतो,
एकच.