झाकण

लाखनीच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
माझी प्रयोगशाळा: शेगडीएवढी हॉटप्लेट,
आणि बिघडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा, उलटा बसवलेला.
त्यावर काच चिकटवायची, एक थेंब टाकायचा.
थेंब काठाकडे पळतो.
मागे उरतो जांभळा पापुद्रा,
लांबपोळीहून कैक हजारपट पातळ.

पापुद्र्यात दोघं राहतात,
एक देणारा, एक घेणारा.
ऊन पडलं की एक जोडी उठते,
दहा नॅनोमीटर चालते फार तर.
तेवढ्यात दोघांमधला धुरा गाठला तर वीज,
नाही तर जागीच मिटते,
किंचित ऊब सोडून.
म्हणून धुरे जवळजवळ हवेत,
आणि बाहेर निघायला पांदणही हवी.

दोन वर्षं मी पापुद्रा भराभर सुकवत होते.
दोन पॉइंट एक टक्का. कधी एक पॉइंट नऊ.

एप्रिलात, थेंब नुकताच पसरला आणि लाईट गेली.
मी झेरॉक्सवाल्याकडे निघून गेले.
मागून फुलवंताबाई रहांगडाले झाडायला आल्या.
धूळ बसेल म्हणून त्यांनी ओल्या काचेवर
काचेचीच एक वाटी पालथी घातली.

मी आल्यावर ओरडले. त्या खराटा धरून उभ्या.
"लग्नाइत पोळ्या टाकतो ना मी, मडक्यावर.
कणीक झाकून ठेवा लागते, मॅडम.
उघडी सुकली का कोरड धरते,
मंग हातावरच फाटते.
तुमचं काहून वेगळं राहीन?"

फेकणारच होते. पण काच महागाची.
मोजली.
तीन पॉइंट चार.
पिना पुसल्या, दिव्याचं अंतर पुन्हा मोजलं,
दुसऱ्या मीटरला सेल बदलले.
तीन पॉइंट चार.

वाटीखाली वाफ अडली होती.
रेणूंना सरकून, कड वळवून
नीट बसायला सवड मिळाली होती.
एवढंच. माझ्याकडून
ही सवडच कधी दिली गेली नव्हती.

नागपूरहून गाइड सरांचा फोन:
"झाकून किती मिनिटं ठेवलं?"
मी बाईंकडे पाहिलं. वाटी कधी उचलली?
"लाईट आली तवा."

वहीत वेळेच्या रकान्यात
पेन्सिलीनं तेच लिहिलंय.
त्यानंतर सोळा काचा केल्या,
पाच मिनिटं, वीस, चाळीस. अकरा वाया गेल्या,
बाकीच्या तीनच्या आसपास घुटमळतात.

आज सतरावी झाकून
आम्ही दोघी डबा उघडून बसलोय,
आणि सकाळपासून
लाईट जायचं नाव घेत नाही.