चौऱ्याऐंशी हजार

रात्री पावणेतीन. सवान्नाखेतच्या दवाखान्यात
यंत्र थेंबभर रक्त पितं
आणि मिनिटभर काहीच बोलत नाही.
मग कागद सरकतो.

नळी एकोणीस. सुलिवान, वय नऊ, तापाचा चौथा दिवस.
पांढऱ्या पेशी दोन हजार शंभर.
प्लेटलेट चौऱ्याऐंशी हजार.
कोपऱ्यात बारीक नारिंगी खूण:
काही पेशी ओळखीच्या वाटत नाहीत.

यंत्राला डेंगी हा शब्द ठाऊक नाही.
ते मोजतं,
आणि मोजताना कुठे अडखळलं तेवढं सांगतं.
तपासणीच्या पट्ट्या मंगळवारीच संपल्या,
नवी पेटी अजून रस्त्यात,
म्हणून या अडखळण्याला कान लावून बसायचं.

मागे एकदा फसवलंय त्याने मला.
प्लेटलेट गुठळी करून बसलेल्या, आणि हे म्हणे कमी आहेत.
तेव्हापासून काच घेते, थेंब ओढते, रंग चढवते.
आज गुठळी नव्हती.
होत्या फुगलेल्या लिम्फोसाइट,
निळसर काठांच्या,
शेजारच्या लाल पेशींना बिलगलेल्या.

वर डॉक्टर पोनकेओ त्याला घरी सोडत होत्या.
ताप उतरला होता ना.
मी कागद हातात धरून जिना चढले. दोन दोन पायऱ्या.
उतरला, तिथूनच तर सुरू होतं, एवढंच म्हणाले.
त्यांनी कागद दोनदा वाचला
आणि सलाईन मागवलं.

बाप टायर दुरुस्त करतो. नखांत काळं.
मुलाच्या मनगटावर त्याने पांढरे दोरे बांधलेले.
तापात माणसाचे बत्तीस खुआन अंग सोडून भटकतात,
गुडघ्याचा, कानाचा, पोटातला;
हाका मारून आणायचे, गाठ मारून ठेवायचे.
नर्सने दोरे कापले नाहीत, वर सरकवले,
खाली शीर शोधली.

बापाने विचारलं, तुमच्या यंत्राने किती मोजले?
चौऱ्याऐंशी हजार, मी म्हटलं.
त्याचा चेहरा उजळला.
मग पुष्कळ आहेत की!

आता त्याला दीड लाख सांगायचे होते.
सांगितले.

एकसष्ट. अडतीस. पुन्हा अडतीस.
रक्ताचं पाणी करणारे हात मी पाहिलेत, त्याचेच;
मुलाच्या रक्तातलं पाणी मात्र खरोखर झिरपत होतं,
मागे राहिलेलं दाट होत होतं.
सातव्या दिवशी एक्केचाळीस.
यंत्राने तेही त्याच चेहऱ्याने छापलं.
मी मात्र कागद घडी करून खिशात ठेवला,
जो नियमाने फाइलीत जायला हवा.

घरी जाताना त्याचं दुकान लागलं. बंद.
बाहेर टायरांची उतरंड,
प्रत्येकात ओंजळभर पाणी.
कुठून आला हो हा आजार, असं त्याने विचारलं होतं,
आणि मी म्हटलं होतं, बघू, आधी बरा होऊ दे.

सर्वांत वरचा टायर कलता केला.
पाण्यात काहीतरी वळवळलं.
सवयीने मोजायला लागले,
सतरापर्यंत गेले,
मग सगळंच रस्त्यावर ओतलं.
खाली अजून अकरा टायर होते.