एक लिहायचा नसतो

चियातुरात नदी काळी वाहते.
खाणीतलं मँगॅनीज धुतलं की ते पाणी
क्विरिला अंगावर घेते, कुरकुर न करता.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
डोंगराकडे जाणारे पाळणे तारेवर अधांतरी थांबले होते,
एकात कुणाची तरी बटाट्यांची पिशवी
दोन आठवडे अडकून गोठली.

वर्गात आम्ही कोट घालून बसायचो, बाईसुद्धा.
खडू संपला तेव्हा नाझिब्रोला बाईंनी
कड्यावरून चुनखडीचा तुकडा फोडून आणला
आणि फळ्यावर आधी त्याचंच सूत्र लिहिलं, त्यानेच:
CaCO₃.
"बघा," म्हणाल्या, "दगडाने सही केली."

मग नियम.
जो इलेक्ट्रॉन देतो त्याचं नाव आधी, आहे तसं.
जो घेतो तो मागून, आणि त्याच्या नावाची शेपटी बदलते:
क्लोरीनचं क्लोराइड, सल्फरचं सल्फाइड.
संयुजा डोक्यावर लिहा, तिरक्या खाली उतरवा,
भाग जात असेल तर द्या.
"आणि आपलं मँगॅनीज?" मागच्या बाकावरून एल्गुजा.
मँगॅनीजचा भरवसा नाही, बाई म्हणाल्या,
कधी दोन, कधी चार, कधी सात.
म्हणून नावापुढे कंसात रोमन आकडा घालायचा,
या खेपेला किती, ते.
"म्हणजे माझा बाप," एल्गुजा म्हणाला.
वर्ग हसला.
बाप थेस्सालोनिकीहून पैसे पाठवायचा.
पाठवले तर.

शेवटचा नियम बाईंनी दोनदा सांगितला:
एक असेल तर लिहायचा नाही.
सोडियमच्या पायाशी आकडा नाही
म्हणजे सोडियम गैरहजर नाही.

गुरुवारी हजेरी घेताना बाईंचं बोट
एल्गुजाच्या नावाशी थांबलं.
आई कुतायसीच्या बाजारात, घरी दोघे भाऊच.
काल जाता जाता तो म्हणाला होता,
धुराड्यातून वारा घुसतो, रात्री चिंधी कोंबतो,
आणि बाई तेव्हा वह्या मोजत होत्या.

पन्नाशीच्या बाई धावल्या,
बर्फावरून, नवऱ्याच्या बुटांत.
आम्ही मागे.
दाराला आतून कडी. वास कसलाच नाही.
काचेतून दिसले: एका रजईत दोघे,
गाल असे गुलाबी
की वाटावं, चला, झोप लागलीय पोरांना.
काच मी फोडली. व्रण आहे, मनगटाखाली.

एल्गुजा शुद्धीवर आला.
मालखाज आठ वर्षांचा होता.

एप्रिलमध्ये चाचणी. प्रश्न चौथा:
कार्बनच्या दोन ऑक्साइडांची नावं आणि सूत्रं.
CO₂ त्याने नीट लिहिलं.
दुसऱ्यात C च्या खाली एक, O च्या खाली एक,
इतके दाबून की पुढच्या पानावरही वाचता यावेत.
मी शेजारी होते. वाचले.

बाईंनी समासात लिहिलं, एक लिहायचा नसतो.
मग ते खोडलं, शाईने, नीट, अक्षर दिसेनासं होईपर्यंत.
पाचपैकी चार दिले होते.
ते चार तसेच राहिले.
त्यावरून आम्ही वर्षभर भांडलो आपापसांत,
पाच द्यायला हवे होते की नव्हते.
एल्गुजाने कधी तोंड उघडलं नाही.

आता मी खाणीच्या प्रयोगशाळेत नमुने तोलते.
बाटलीवर चिठ्ठी, तारीख, वजन,
मँगॅनीज, कंसात रोमन चार, ऑक्साइड.
नावात आपण सगळं बोलतो. मोनो म्हणतो, मोठ्याने.
सूत्रात तोच एक गिळून टाकतो,
आणि सगळ्यांना चालतं.

एल्गुजा पाळण्यांच्या तारांना वंगण घालतो.
दुपारी खिडकीवरून जातो, उंचावरून,
काहीतरी ओरडतो.
काच बंद असते. मी उघडते,
तोवर तो पलीकडच्या खांबापाशी पोचलेला असतो.