मुलींच्या उंचीच्या खुंट्या

खुंट्या एकशेवीस.
मीच मोजल्या, सुताराबरोबर, डिसेंबरात,
शाळेतल्या पोरी घरी धाडल्या त्या आठवड्यात.
पार्लमेंट म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नाही.
एवढंच म्हणाले : गुलसबा, तू आहेस तिथंच राहा,
दप्तरांऐवजी आता डगले सांभाळ.

खुंट्या वर सरकवायच्या राहूनच गेल्या.
मग काय, मोठमोठे बेग, वकील, डॉक्टर
टोपी टांगायला वाकत माझ्यासमोर,
आणि डगल्यांची टोकं पुसत राहत फरशीवरचा बाकूचा चिखल,
अर्धं पाणी, अर्धं तेल.

मला वाचता येत नाही. माणसं मी पायांवरून ओळखते.
बुटांवर चढवायचे ते रबरी जोडे दाराशी उतरले
की कोण आलं ते मान वर न करता कळे.
लाल अस्तराचे, चकचकीत : हा मोठा पक्ष,
तीन रांगा त्यांच्याच.
बिनटाचेचे, वुजूला झटकन निघणारे : हे मशिदीकडचे.
लेंकोरानच्या मीरबागीरच्या जोड्यांतून भाताचा पेंढा सांडायचा.
कामगारांच्या बाजूचे चारपाच,
एकाचाही तळ धड नाही,
पण आत पाय आपटायचा आवाज आला की ओळखावं, तेच.

जर्मनांचा एक, याकोब श्वेंक, द्राक्षांच्या मळ्यातला.
पोलिशांचा एक. ज्यूंचा एक. जॉर्जियनांचा एक.
चौघांना मी शेजारच्या खुंट्या दिल्या.
एकट्या डगल्याला थंडी जास्त वाजते.

आर्मेनियनांच्या एकवीस, कितीतरी आठवडे मोकळ्या.
रोज पुसायचे मात्र.
आत नावं पुकारली जात आणि मध्येच सगळं गप्प होई.
मार्च आणि सप्टेंबर अजून शहराच्या भिंतींवर होते, दोन्ही.
मग एका सकाळी होवाकिम आला.
डगला टांगला, दोन पावलं गेला,
परत येऊन काढून घेतला,
आणि पाच तास मांडीवर घेऊन बसला.
मी काही बोलले नाही.

मुलींची शाळा,
आणि बाईचं पायताण एकही नाही दाराशी,
माझं सोडून.

मंत्री बदलत. डगला तोच,
फक्त निघायची घाई निराळी.

एप्रिलच्या त्या रात्री आभाळ कोरडं होतं,
तरी कितीकजण रबरी जोडे घालून आले.
कुठवर चालावं लागेल, कुणी सांगावं?
आत बराच वेळ कुणी पाय आपटला नाही.
अकराच्या पुढं दार उघडलं.
सतरा महिन्यांत कधी अदलाबदल झाली नव्हती,
त्या रात्री हाताला लागेल ते घालून गेले सगळे,
मशिदीकडचा लाल अस्तरात,
श्वेंकच्या पायात पेंढा.

सकाळी नवे आले. त्यांनी बूट काढलेच नाहीत.

मागं दोन उरले : एक डावा, फाटक्या तळाचा,
एक उजवा, लाल अस्तराचा.
खज़री सुटला की मी तेच घालते.
मोठे होतात, म्हणून पुढं कागद कोंबलाय,
आतल्या बाकांखाली सापडलेला.
शेजारची पोर म्हणते, यावर नावं आहेत, गुलसबा, नुसती नावं.
म्हटलं, वाच.
तिनं सुरुवात केली.
ओला होता कागद, चौथ्या नावापाशी फाटला.