नोझल

वर्धा रोडच्या शोरूममध्ये एवढा एसी
की मे महिना काचेबाहेर उभा राहून आत पाहून राहिला होता.
टाय घातलेला एक पोरगा, लांजेवार,
मला म्हणतो, काका, बॉनेटवर हात ठेवा,
डिझेल आहे म्हणून खरं वाटणार नाही.

ठेवला.
इंजिन चालू होतं,
जशी पलीकडच्या खोलीत कोणी पिठाची चाळणी हलवावी.

एकतीस वर्षं वाडीच्या नाक्यापाशी
पंप आणि नोझल, एवढंच केलं मी.
रायपूरचे ट्रक, संत्र्याचे ट्रक, कोराडीच्या राखेचे टँकर.
टेस्टरचा दांडा दाबायचा,
नोझलनं कर्र म्हणून धुकं सोडायला पाहिजे.
थेंब नाही. थेंब पडला की परत खोल.
डाव्या तर्जनीवर अजून पांढरा डाग आहे,
एकदा धुक्यासमोर बोट गेलं
आणि डिझेल कातडीला न विचारता आत शिरलं.

तेव्हा घरच्यांनी ठरवूनच टाकलेलं, बाबा डिझेलच सांगतील.
जावई हिशोब घेऊन आलेला:
गाडी दीड लाखानं महाग,
पण लिटरमागे इतके वाचतात, वर्षाला इतके,
मोबाइलवर गुणाकार चाललेला.

मी समताला विचारलं, रोज किती चालवतेस?
मनीषनगर ते धंतोली. नऊ किलोमीटर.
रात्री कॉल आला तर पुन्हा नऊ.
आणि लांब?
लांब कुठं जाते बाबा मी.
मागच्या वर्षी पेंच. त्याच्या आधीचं आठवत नाही.

मग पेट्रोल घे, मी म्हटलं.

लांजेवारचा हात ब्रोशरवर तसाच.
जावई म्हणे, काहून?

सांगावं लागलं.
आताच्या डिझेलच्या पोटात जाळी असते, काजळी अडवणारी.
ती काजळी जाळायला गाडी तापावी लागते,
अर्धा तास एका दमात पळावी लागते,
समृद्धीवर, नाहीतर भंडाऱ्याकडे.
नऊ किलोमीटरात तापतच नाही ती.
घर, दवाखाना, घर,
रोज थोडी थोडी आत राहून जाते,
आणि मग एक दिवस दिवा लागतो.

इंजिनाचंच सांगत होतो मी.
समता मात्र आपल्या नखांकडे पाहत बसली.

मला डिझेलच हवी होती, ती म्हणाली,
नवऱ्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात.
लहानपणी तुमच्या खाकी शर्टाच्या वासाशिवाय झोप नव्हती येत.
आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची,
मला तिचा राग यायचा.

दिवसभर लोकांना भूल देणारी माझी पोरगी.
मी म्हटलं, गाडी झोपायला घेत नसतात, बाई.
हसली. सही केली.
पांढरी, पेट्रोल, ऑटोमॅटिक, आठ आठवडे थांबा.

गाडी आली त्या रविवारी मला घ्यायला आली.
छत्रपती चौकाच्या पुढे पंपावर थांबलो.
ती पर्समध्ये कार्ड शोधत होती.
मी पाय मोकळे करायला उतरलो.
पंपावरच्या पोरानं विचारलं, काय टाकू काका?
आणि माझ्या तोंडानं
मला न विचारता उत्तर दिलं.

त्यानं नोझल उचललं, टाकीला लावलं.
बसेना.
डिझेलचं नोझल जाड असतं,
पेट्रोलच्या टाकीचं तोंड अरुंद.
तो वाकून पाहतो, पुन्हा लावतो.
बाबा! समता आतून ओरडली.

टाकीच्या झाकणाखाली एक थेंब ओघळला होता.
रुमालानं पुसला,
आणि रुमाल कुठं टाकायचा ते न कळून
पुढच्या खणात ठेवला.

तो तिनं अजून काढलेला नाही.
जावई म्हणतो, नवी गाडी, वास कशाचा येऊन राहिला?
सर्व्हिसिंगला दाखवू, म्हणतो.
दाखवू, म्हणते ती.