सव्वा अँपिअर

तीन हिवाळे मी बॅटरी कडेवर घेऊन घरात आणली.
डेलिका बाहेर बर्फात, बॉनेटखाली रिकामी,
आणि ही आत शेगडीच्या उबेला,
अवेळी जन्मलेल्या दोन कोकरांच्या शेजारी.
मुन्ख झोपेत तिच्यावर पाय टाकायचा.
सकाळी पाना, बधिर बोटं, शिव्या,
आणि टर्मिनल आवळलं की
डॅशबोर्डवरचं हिरवं घड्याळ
आत्ताच जन्मल्यासारखं सांगायचं: एक वाजला.
आमच्या गाडीत रोज सकाळी एकच वाजायचा.

अरवैखेरमधले सगळे म्हणाले, थंडी.
थंडीला काय, तोंड नाही बिचारीला,
कुणीही तिच्यावर ढकलावं.
पण सप्टेंबरात, कुरणं नुसती पिवळी पडलेली,
दीराच्या लग्नात गाडी दोन दिवस उभी राहिली
आणि निघताना किल्ली फिरवली तर टक्.
नुसतं टक्.
वऱ्हाडानं धक्का मारला, नवरीनंसुद्धा.
मी बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर बदलला,
एक दुभती घोडी विकून.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

मार्चमध्ये गोंबोजावकडे गेले.
त्यानं काही विचारलं नाही.
निगेटिव्हची तार सोडवली, मधे मीटर बसवला,
दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हरनं जीभ दाबली,
म्हणजे गाडीला वाटावं दार लागलं, माणसं गेली.
मग म्हणाला, बस. तिला झोपू दे.
आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो, खारा चहा घेत,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे,
कुजबुजत, उगाचच.
अर्ध्या तासानं मीटर पाहिला.
सव्वा अँपिअर.
ही झोपलेलीच नाही, तो म्हणाला,
ही डोळे मिटून पडलीय.

मग एकेक फ्यूज.
दिवे काढले: सव्वा.
पंखा: सव्वा. हॉर्न, वायपर, मागच्या काचेचा हीटर:
सव्वा, सव्वा, सव्वा.
माझ्या मनात उगाच माझेच हिशेब चालू झाले,
कुठे कुठे पाणी मुरतंय याचे,
पण तेवढ्यात त्यानं तो निळा उपसला, पंधराचा,
आणि आकडा धाडकन खाली बसला.
पाठीवरचं गाठोडं उतरवावं तसा.

तारेमागे तार. गालिचा उचलला.
वाळू, सूर्यफुलाची टरफलं, मुन्खचा हरवलेला मोजा,
आणि शेजारच्या सीटखाली एक काळा डबा,
वर जपानी अक्षरं.
हात लावला तर कोमट.
बाहेर उणे अठरा, आणि हा कोमट.

रस्ता दाखवायचा डबा, गोंबोजाव म्हणाला.
याचा पडदा कुणीतरी कधीच उपटून नेला,
तिथे कॅसेट प्लेअर बसवला,
आणि याची तार किल्लीशी जोडायची ती जोडली
थेट बॅटरीला. आळशी माणूस असणार.
तेव्हापासून हा जागा.
पडदा नाही, आवाज नाही,
खाली नकाशात नसलेला देश,
आणि हा सीटखाली बसून वर्षानुवर्षं
निइगाताचा एखादा चौक शोधतोय.

मला खरं तर राग यायला हवा होता.
माझी घोडी खाल्ली त्यानं.
गोंबोजावनं तार कापली, काळी टेप गुंडाळली,
डबा माझ्या मांडीवर ठेवला.
निवायला त्याला बराच वेळ लागला.

मीटरवर अजून शून्य दशांश शून्य दोन होतं.
आणि हे?
हे घड्याळाचं. तेवढं लागतंच.

त्याच्या मनगटावर बघून मी वेळ लावली,
बटणं इतकी ताठ की नखाची कोर तुटली.

त्या रात्री बॅटरी गाडीतच ठेवली.
तीनला जाग आली. हात सवयीनं शेगडीकडे गेला,
तिथे कोकरू होतं; त्यानं बोट चोखलं.
उजाडल्यावर किल्ली घेऊन गेले,
पण आधी फिरवली नाही.
काचेवरचं दहिवर बाहीनं पुसलं
आणि बाहेरूनच वाकून पाहिलं.

सात वाजून बारा.