द्विवचन

ब्रसेल्स. सातवा मजला. रात्रीचे साडेनऊ.
खाली चौकात तळलेल्या बटाट्याच्या गाडीवर
अजून दिवा आहे.
येर्नेया ह्रोवातिन कायदा तपासते आहे
तिच्या भाषेतला, म्हणजे स्लोव्हेनियनमधला.
यंत्रांना वेसण घालणारा कायदा,
ज्याचा पहिला खर्डा
यंत्रानंच करून दिला, अकरा सेकंदांत.

चांगला आहे. कबूल करावंच लागतं.
विभक्ती नीट, स्वल्पविराम जागच्या जागी.
फक्त कलम एकोणचाळीसपाशी ती अडते:
यंत्र बनवणारी कंपनी आणि ते वापरणारं सरकारी खातं
जबाबदार असतील.
असतील. बोदो.
अनेकवचन.

तिच्या भाषेत दोघांना वेगळं क्रियापद लागतं.
आपणही घोकलं होतं शाळेत, देवः देवौ देवाः,
आणि परीक्षा झाल्यावर मधलं घर सोडून दिलं.
तिकडे त्या घरात अजून लोक राहतात:
नवरा-बायको, भांडलेले भाऊ,
एका छत्रीत अडकलेले अनोळखी.
दोघं म्हटलं की बोट दाखवता येतं.
अनेकांकडे दाखवू गेलं
तर हात नुसता हवेत फिरतो.

दुपारी तिनं विचारलं होतं.
कंपनीचा वकील टान्सी हसला:
अर्थ तोच ना, मॅडम?
खात्याचा माणूस म्हणाला, अनेकवचन सुरक्षित.
चौदा महिन्यांत त्या दोघांचं
एकमत झालेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.
दोघांचं.

बोदो खोडून ती लिहिते, बोस्ता.
ते दोघे असतील.
दोन अक्षरं तशीच दोन अक्षरं. कागदही हलत नाही.

पडद्यावर चौकट उघडते:
ही दुरुस्ती लक्षात ठेवू का?

नाही म्हणावं, तर पुढचा कायदा
पुन्हा गर्दीत हरवणार.
हो म्हणावं, तर आणखी एक गोष्ट यंत्राला आली,
जी आजवर फक्त तिला येत होती
आणि वीदाला.

वीदा मार्चमध्ये निवृत्त झाली.
तिची जागा भरायची नाही, असं पत्र आलंय,
अतिशय शुद्ध भाषेत.
खुंटीवर तिची लोकरी टोपी तेवढी राहिली.

हो, ती दाबते.

मग दिवे मालवते, कोट चढवते.
रोज या दारापाशी वीदा म्हणायची, ग्रेवा.
निघू या, आपण दोघी.
एका शब्दात मावायचं सगळं.

लिफ्ट येते. दार उघडतं,
थोडा वेळ उघडंच राहतं.
ग्रेम, ती म्हणते.
निघते मी.